वायरल आहे, उतरेल

३ मार्च
देवासहून इंदूरला आले एकदाची! अन्नपूर्णा मंदिराजवळ घर, वरची खोली माझी, खिडकीतून मागचा मोकळा प्लॉट दिसतो. वसुंधराताईंनी आल्या आल्या पोहे-जलेबी पुढ्यात ठेवली. त्यांच्या सात वर्षांच्या उर्वीला ऐकू येत नाही. तिला ओठ वाचायला आणि खुणा शिकवायच्या. खुणेनं माझं नाव सांगितलं तर पोरगी खुदकन हसली. एकदम मस्त वाटलं.

८ मार्च
उर्वी जन्मतः बहिरी नाही. चार वर्षांची असताना मेंदूज्वर झाला. आजोबा अप्पासाहेब निवृत्त डॉक्टर. वायरल आहे, उतरेल, म्हणत त्यांनी दवाखान्यात जाऊच दिलं नाही, गाडीची चाबी खिशात ठेवली. शेवटी नेलं तेव्हा कान गेलेले, उजवा पाय लुळा. झटके अजून येतात. कानात मशीन बसवायला गेले तर आतली नळी तापानं हाडासारखी घट्ट झालेली, मशीन बसलंच नाही. ताई हे सगळं भाजी निवडत सांगत होत्या. आवाज जराही हलला नाही.

१४ मार्च
अप्पासाहेबांना सणकून ताप, उलट्या. उजेड सोसत नाही, मान वाकत नाही. मी ताईंना म्हटलं, हा मेंदूज्वरच वाटतो, आत्ता न्यायला हवं. त्यांनी पडदे सर्रकन उघडले. उर्वीला समोर खुर्चीवर बसवलं.
"वायरल आहे, अप्पासाहेब. उतरेल."
म्हाताऱ्यानं हात जोडले. ताई बघत बसल्या.

१५ मार्च
माझा फोन सापडत नाही. फाटकाला कुलूप. शेजाऱ्यांना हाक मारायला गच्चीकडे निघाले, तर ताईंनी खोलीत ढकलून बाहेरून कडी लावली. मागे रिकामा प्लॉट. ओरडून घसा बसला.

१६ मार्च
खालून अप्पासाहेब — वसुंधरा, काही ऐकू येत नाही — पुन्हा पुन्हा तेच.
ताई दाराशी आल्या. शांतपणे म्हणाल्या, "आता त्यांनाही शिकवाल ना खुणा?"

१७ मार्च
खाली आवाज नाही.
मला ताप. डोकं फुटतंय. मान —
ताईंना दारातून सांगितलं. वायरल असेल, म्हणाल्या.

दाराच्या जाड काचेच्या पट्टीत उर्वी! खुणेनं सांगितलं, कडी काढ. कळलं तिला. दाराला टेकून डाव्या पायाची टाच उंचावली, बोटं कडीला —
डोळे फिरले. झटका. पडली —
ताई जिन्यावरून धावत — तिला बघतात. मग मला.
त्यांना वाटतंय मीच तिला पाडलं —
कडी त्याच काढताहेत —