धाकट्याच्या शेडवरून गेलेली रेघ

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, पेशाने नगररचनाकार, पुढे नगररचनेची शिक्षिका, अविवाहित, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. पण कायद्याला गुडघ्यांशी कर्तव्य नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. मनावर आहे, त्याचा खुलासा कलम चारमध्ये. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात मी फारच गुणी दिसत होते.

१. माझा ड्रॉइंग बोर्ड, मोजपट्ट्या आणि शाईची पेनं माझे जुने सहकारी शाईमास्तर यांस द्यावीत. विद्यालयात पहिले संगणक मी आणले, तेव्हा "मुलांचे हात बिघडतील" म्हणून यांनी ते सत्रभर खोलीत कुलूपबंद ठेवले. किल्ली खिशात, आणि आम्हाला सांगत, "हरवली." ती लबाडी मी विसरलेले नाही. तरी पेनं त्यांनाच, कारण दुसऱ्या कोणाला ती धरताही येणार नाहीत.

२. बँकेतली शिल्लक विद्यालयाच्या संगणक कक्षाला द्यावी. तिथे माझा फोटो लावू नये.

३. लॅपटॉप, त्यातल्या सगळ्या नकाशांसह, माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला. ती माझ्याच वर्गात शिकते आणि सध्या माझ्याशी बोलत नाही. तिचं बरोबर आहे.

४. आता राहतं घर. पालिकेने गेल्या वर्षी शहराचा जुना कागदी आराखडा संगणकावर चढवण्याचं काम मला दिलं. विद्यार्थी त्यावरच शिकले. आमच्या रस्त्याच्या कडेची रेघ मात्र मी स्वतः ओढली. नकाशाच्या प्रोग्रॅममध्ये एक सोय असते: रेघ एखाद्या कोपऱ्याजवळ नेली की ती आपोआप त्याला जाऊन चिकटते. काम भराभर उरकतं. माझी रेघ माझ्याच कुंपणभिंतीच्या कोपऱ्याला चिकटली. कागदावर रुंदीकरण दोन्ही बाजूंना निम्मं निम्मं होतं; पडद्यावर ते सगळं समोर सरकलं. समोर धाकट्याची सुतारकामाची शेड आहे. त्याचं करवतयंत्र नेमकं त्या पट्ट्यात उभं आहे.

नकाशा तपासताना मला ते दिसलं होतं. रेघ जागेवर आणायला कितीसा वेळ लागला असता? पण माझी पुढची खोली वाचत होती. मी लॅपटॉप मिटला. हे लिहिताना लाज वाटते, आणि ती वाटायलाच हवी.

मग तोच नकाशा मी वर्गात नमुना म्हणून लावला. भाचीने हात वर केला. "मॅडम, नव्या रस्त्याची मधली रेघ जुन्या रस्त्याच्या मधून का जात नाही?"

"यंत्राची मोजणी आहे. डोळ्यांनी नकाशे तपासायचे दिवस गेले आता," मी म्हणाले. वर्ग हसला. ती खाली बसली. ज्या मुलांना तपासायला शिकवायचं, त्यांना मी त्या दिवशी गप्प बसायला शिकवलं.

दोष संगणकाचा नाही. शाईमास्तरांना ते सुख मी मेल्यावरही मिळू देणार नाही. संगणकाने जवळचा कोपरा धरला, ते त्याचं कामच. जिला तो कोपरा सोडवेना, ती मी.

आराखडा जाहीर झाला, हरकती मागवल्या गेल्या. मी धाकट्याला विचारलं, "हरकत घेतलीस का रे?"

"कशाला? नकाशा तू केलायस ना, ताई? मग बरोबरच असणार. यंत्र घेतो जरा मागे."

मागे भिंत आहे. हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. भावजयीने माझ्यापुढे चहा ठेवला आणि आत गेली, ती मी निघेपर्यंत बाहेर आली नाही.

सबब, माझ्या पश्चात रस्त्यासाठी माझ्या घराचा पुढचा भाग सोडावा आणि मागचं घर धाकट्याला शेडसाठी द्यावं.

५. इथवर वाचून वकीलबाईंनी चष्मा काढला. "मावशी, मृत्युपत्र तुम्ही गेल्यावर लागू होतं."

"मग?"

"तुम्ही तर ठणठणीत आहात. शेड त्याआधी पाडतील. हरकतीची मुदत आज संध्याकाळी संपतेय."

खरं सांगायचं तर हे मला माहीत होतं. अशा मुदती ठरवण्यातच माझी सारी नोकरी सरली. मेल्यावर उदार व्हायचं आणि तोवर पुढच्या खोलीत आरामात बसायचं, असा माझा बेत होता.

म्हणून कलम चारमधली वाटणी रद्द. माझ्याच नकाशाविरुद्ध मी आज, जिवंतपणी, लेखी हरकत घेत आहे: रेघ चुकीची आहे, ती मी ओढली, चूक मला कळली होती, ती दुरुस्त करावी. पुढची खोली जाईल तेवढी जाऊ दे. उरलेलं घर माझ्यामागे धाकट्याचं.

भाचीला फोन करून म्हणाले, "तुझा प्रश्न बरोबर होता. वर्गातला मूळ कागदी आराखडा घेऊन पालिकेत ये."

तिने आराखड्याचा क्रमांक विचारून घेतला. मग म्हणाली, "येते, आत्या. पण बाबांना तूच सांग."

सही करून मी समोर निघाले आहे. करवत चालू आहे. ती थांबेपर्यंत दारात उभी राहीन, म्हणजे त्याला सगळं नीट ऐकू येईल.

सही: धाकट्याची ताई

साक्षीदार: १. डॉक्टरीणबाई (डोकं यांनी तपासलं) २. कोपऱ्यावरचे शिंपीकाका

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली

दिनांक: हरकतींच्या मुदतीचा शेवटचा दिवस, दुपार