दोऱ्याने बांधलेलं पान

ती. भाऊजी यांस,

तुम्हाला आणि ताईला वाकून नमस्कार. (वाकणं सध्या कागदावरच जमतं, कारण पुढे येतंय.) ताईचे गुडघे काय म्हणतात? तुमची साखर ताब्यात आहे ना? विम्याच्या कचेरीतून निवृत्त झाल्यापासून दुसऱ्यांची दुखणी कानावर येत नाहीत, म्हणून तुम्ही स्वतःची शोधत बसता, असं ताई फोनवर म्हणाली. तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत कळवलं, माझा त्यात हात नाही.

मी शिडीवरून पडलो हे तुम्हाला कळलंच आहे. मात्र ‘पाटी रंगवताना पडला’ असं जे कळलं, ते साफ चूक आहे. एकतीस वर्षांत पाटी रंगवताना मी एकदाही पडलेलो नाही, आणि ही नोंद कृपया दुरुस्त व्हावी. मी पडलो तो झाडाला पान बांधताना.

गोष्ट अशी. तुम्ही शब्द टाकून छापखान्यात माझ्यासाठी जागा मिळवलीत, तिथे रुजू व्हायला अडीच महिने होते. हाताने पाट्या रंगवून घेणारी गिऱ्हाइकं तर बोटांवर मोजण्याइतकी उरलेली. हाताला काम नसलं की डोळे उद्योग शोधतात. दुकानासमोर टपाल कचेरीच्या आवारात एक झाड आहे. (त्याचं नाव मी तिघांना विचारलं, तिघांनी मिळून चार सांगितली.) इतकी वर्षं मी त्याच्याकडे पाठ करून बसलो, कारण अक्षरांवर उजेड पाठीमागून यावा लागतो. त्या दिवशी खुर्ची फिरवली आणि लक्षात आलं, की आजवर आपण जे जे रंगवलं ते कुणीतरी सांगितलेलं होतं. ‘औषधांचे दुकान’, ‘येथे थुंकू नये’, ‘कुत्र्यापासून सावध’. कुणी न सांगितलेली एक रेघ माझ्या नावावर नाही. बावन्नाव्या वर्षी माणसाला अशी काही इच्छा झाली की घरचे आधी ताप बघतात. आमच्या हिनेही शिवणाचं मशीन थांबवून कपाळाला हात लावला. ताप नव्हता.

मी कुठल्या शाळेत चित्रकला शिकलेलो नाही, हे तुम्ही चारचौघांत अनेकदा सांगितलं आहे. खरंच आहे. मी शिकलो ते पाट्यांवर, आणि पाटीचा नियम असा: डावीकडून सुरुवात करायची, एक अक्षर वरपासून खालपर्यंत पुरतं संपवायचं, मगच पुढचं, आणि झालेल्या भागावर वर्तमानपत्र लावायचं, म्हणजे धूळ बसत नाही, शर्टाच्या बाहीने रंग पुसला जात नाही. सहा फुटी फळीवर झाडही मी याच नियमाने घेतलं. वीतभर रुंदीचा एकेक पट्टा, वरून खाली. प्रत्येक पान जसं दिसतं तसं. किडीने खाल्लं असेल तर खाल्लेलं. दिवसाला बारा ते चौदा पानं. (ब्रशचे चार फटकारे मारून अख्खी फांदी उरकणारे चित्रकार असतात. त्यांचं आणि पानांचं काय वाकडं असतं देव जाणे.)

टपाल कचेरीच्या वॉचमनला वाटलं, मी त्याचंच चित्र काढतोय. आठ दिवस तो छाती काढून बसला. नवव्या दिवशी रस्ता ओलांडून आला आणि म्हणाला, “पेंटर, माझं झालं असेल तर सांगा हो, पोट आत धरून धरून कंबर गेली.” मी सांगितलं, तुम्ही अजून आलेलाच नाहीत, खुर्ची जरा डावीकडे घ्याल तर शुक्रवारी याल. त्याने घेतली. पुढे थंडी पडू लागली तसा तो उन्हामागे आपली खुर्ची सरकवत राहिला, आणि मी माझ्या पट्ट्यात जो दिसेल तो काढत राहिलो.

पाचव्या पट्ट्यात घात झाला. एक तांबूस पान, कडा दुमडलेली, निम्मं रंगवून झालेलं, आणि ते डोळ्यांदेखत गळलं. उरलेलं निम्मं मनाने पुरं करायचं म्हणजे गिऱ्हाइकाचं आडनाव अंदाजाने लिहिण्यासारखं. मी जाऊन पान उचललं, हिच्या डब्यातला तपकिरी दोरा घेतला (पांढरा उठून दिसला असता), शिडी लावली आणि पान मूळ जागी बांधलं. खाली येऊन बघतो तर कोन बोटभर चुकलेला. पुन्हा चढलो. भाऊजी, पडलो तो या दुसऱ्या वेळी. तुमच्या विम्याच्या फॉर्मवर अशा अपघाताला रकाना नसावा. वॉचमनने मला उचललं आणि म्हणाला, “पान पडलं तर तुम्ही चढलात. आता तुम्ही पडलात, तुम्हाला कोण बांधणार?”

घोटा मुरगळला. दहा दिवस मी पलंगावर आणि झाड आपल्या कामावर. काठी टेकत परत आलो तेव्हा फांद्या मोकळ्या झाल्या होत्या. उरलेले तीन पट्टे मी दिसलं तसे रंगवले, म्हणजे नुसत्या काड्या, आणि मग सगळी वर्तमानपत्रं एकदम काढली.

डावीकडे गच्च हिरवं, मधे तांबूस, उजवीकडे बोडकं. आभाळ एका टोकाला ढगाळ, दुसऱ्या टोकाला धुतल्यासारखं. आणि खाली तीन वॉचमन: एक सदऱ्यात, एक कानाला मफलर बांधून, एक स्वेटर-टोपीत झोपलेला, जणू तीन सख्खे भाऊ वाटणीवरून अबोला धरून बसलेत. प्रत्येक पान बरोबर आणि सगळं मिळून चूक. हिने बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “इतक्या दिवसांत तुम्हाला एकदाही कळलं नाही?” नाही कळलं. मी पान बघत होतो, झाड बघायचं राहिलं.

पुढचं ऐका. कोपऱ्यावरच्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या बाई दुकानावरून जात होत्या. त्या थांबल्या, चष्मा काढला, पुन्हा लावला, आणि म्हणाल्या, “तुम्ही काळ रंगवलात हो!” मी मान हलवली. तोंडाने हो म्हटलं नाही, त्यामुळे खोटं निम्मंच. जाताना त्यांनी विचारलं, “आता पुढे काय काढणार?” भाऊजी, एकतीस वर्षं लोक मला ‘कधी देताय?’ एवढंच विचारत आले. ‘पुढे काय?’ हे पहिल्यांदाच कुणी विचारलं.

तुम्ही नेहमी सांगता, होईल की नाही हे ठाऊक नसतं ती जोखीम. मी रंग ओघळेल म्हणून धास्तावलो, फळी वाकेल म्हणून धास्तावलो. तसलं काही झालं नाही. पानं तर गळणारच होती, तेवढीच मी हिशोबात धरली नाहीत. माझं होईपर्यंत झाडाने थांबावं, असं मला वाटत होतं. आपल्या सगळ्या इच्छा अशाच असाव्यात: माझं एवढं होऊ दे, तोवर बाकीच्यांनी जरा हलू नका. पण झाड थांबलं असतं, तर फळीवर एक व्यवस्थित पाटी उमटली असती आणि बाई न थांबता निघून गेल्या असत्या. चित्रात जे काही आलं ते माझ्या हुशारीने नाही, झाडाने माझं ऐकलं नाही म्हणून आलं. हे कबूल करायला मला चार दिवस लागले, आणि ते मी फक्त तुम्हालाच लिहितोय.

गेल्या आठवड्यात छापखान्यात जाऊन आलो. यंत्र झकास आहे. पाटी पाच मिनिटांत बाहेर येते. दोन अक्षरांमधलं अंतर ढिलं वाटलं, तसं मी गिऱ्हाइकासमोरच बोललो. मालक म्हणाले, अंतर मशीन आपोआप ठेवतं. मी म्हटलं, ठेवतं, पण बघत नाही. त्यानंतर मला चहा विचारला गेला नाही.

तेव्हा तुमच्या शब्दाचा पूर्ण मान राखून कळवतो, की ती नोकरी मी घेणार नाही. माणसाने एकदा तरी काठावरून पाय उचलावा. निर्णय विचारांती घेतला आहे, त्यात बदल होणे नाही. ताईला नमस्कार.

तुमचा मेहुणा

ता. क. – छापखान्याच्या मालकांनी सोमवारपर्यंत उत्तर मागितलं आहे. माझं उत्तर वर आलंच आहे. तरी तुम्ही त्यांना एवढं सांगाल का, की डॉक्टरांनी घोट्याला आणखी दोन महिने विश्रांती सांगितली आहे, तोवर जागा भरू नका? (निर्णय पक्का आहे. पण पक्क्या रंगालाही सुकायला वेळ लागतो.)

आणखी ता. क. – डॉक्टरांनी दहाच दिवस सांगितले होते आणि ते केव्हाच संपले. हे ताईला कळू नये.

*

भाऊजी, यांचं पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे आलं, म्हणून वाचलं. मालकांशी बोलायची तसदी घेऊ नका. मी परवाच छापखान्यात गेले होते. हे येणार नाहीत, दुसरा माणूस बघा, असं सांगून आले. माझी शिवणाची दोन मशीनं चालतात, तेवढ्यात आमचं भागेल. यांना अजून काही बोललेली नाही. मालकांनाही बजावलंय, सोमवारी हे आले की आधी यांना बोलू द्या; नाही म्हणायचं ते यांनीच म्हटलं असं होऊ द्या. मालकांनी विचारलं, “आणि ते हो म्हणाले तर?” मी म्हटलं, “तर सव्वीस वर्षांत मी या माणसाला ओळखलंच नाही असं होईल. तेवढी जोखीम माझी.”