दोन मुखेडांची एक शिफारस

प्रिय मित्र सटवाजीराव यांस,
रेवणप्पाचा सप्रेम शरणार्थ.

मी, रेवणप्पा गुरलिंगप्पा हलकुडे, बी.कॉम., वय वर्षे छप्पन्न, मूळ राहणार मुखेड, सध्या लातूर येथील एका डाळ मिलमध्ये मुख्य हिशेबनीस, हे पत्र माझा वर्गमित्र सटवाजी पवळे, शेतकरी, मुखेड, यास एका निश्चित कारणासाठी लिहीत आहे. पदव्युत्तर प्रवेशासाठी मला जे शिफारसपत्र मिळण्याच्या बेतात आहे, त्यात तुझे काही गुण माझ्या नावे लागले आहेत. ते वापरण्यास तुझी लेखी ना-हरकत हवी आहे. (मी कोण हे तुला ठाऊक आहे, हे मला ठाऊक आहे. तरीही पत्र कोणी कोणास का लिहिले, हे पहिल्या चार ओळींत कळावे अशी माझी शिस्त आहे. फोनवर विचारले असते, पण तुझा फोन विहिरीवर लागत नाही, आणि घरी असताना तू कशालाही 'हाव, हाव' म्हणतोस. त्याला संमती म्हणता येत नाही.)

वहिनींच्या गुडघ्याला आता उतार असेल अशी आशा करतो. ज्वारी कशी आहे ते अवश्य कळव. ही चौकशी केवळ रीतीची नाही. आमच्याकडे सर्व कुशल आहे. मार्चमध्ये मी मिलमधून निवृत्त होत आहे, आणि त्यापुढे पुण्याच्या एका विद्यापीठात व्यापाराच्या इतिहासाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करावा, असे मनात आहे. बी.कॉम. झाल्या झाल्या वडिलांनी मला लातूरच्या आडत दुकानावर बसवले, तेव्हा पुढचे शिक्षण राहिले ते राहिलेच. आडत्याने रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवायची पद्धत मी तिथे शेवटची शेवटची पाहिली. ती कुणीतरी नीट लिहून ठेवावी असे मला पस्तीस वर्षे वाटते आहे, आणि ते कुणीतरी अजून आलेले नाही. आमच्या सौ. दानम्माला मी भीत भीत विचारले. ती म्हणाली, "शिका की. घरी बसून माझ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवून राहिलात, त्यापरीस बरं हाय." (चिठ्ठ्या चिकटवण्यापूर्वी आमच्या घरात ओवा आणि जिरे यांत दोनदा घोटाळा झालेला आहे, हे ती सांगत नाही.)

आता अडचण अशी की, विद्यापीठाला अर्जदारास प्रत्यक्ष शिकवलेल्या एका प्राध्यापकाची शिफारस हवी आहे. माझ्या वयाच्या अर्जदाराकडून ही अपेक्षा करणे म्हणजे थोडी क्रूरताच आहे. आपले बहुतेक सर दिवंगत झाले. एक मुलाकडे परदेशात आहेत, पण ते आता मुलालाही ओळखत नाहीत. उरले ते नांदेडचे प्रा. साहेबराव गजभारे, परिव्यय लेखांकन म्हणजे कॉस्टिंग शिकवणारे. वय पंच्याऐंशीच्या घरात, आवाज तोच. त्यांची शिफारस आली तर प्रवेश. न आली तर निवृत्तीनंतर मी आणि डबे.

सर विद्यार्थ्यांना नावाने हाक मारीत नसत, हे तुला आठवत असेलच. गावाने मारीत. "देगलूर, उठ. किनवट, बडबड बंद कर. भोकर, तुझी बेरीज चुकली." (नांदेडातल्याच एका मुलाचे गाव नांदेडच असल्यामुळे त्याला ते त्याच्या मोहल्ल्यावरून 'वजिराबाद' म्हणत; तो पुढे बदली होऊन मुंबईला गेला, तिथेही त्याच्या घराला त्याने तेच नाव दिले आहे.) पद्धत उत्तम होती. तिच्यात दोष एकच होता, तो म्हणजे आपल्या वर्गात मुखेडचे दोघे होते. पहिल्या बाकावर मी, शेवटच्या बाकावर तू. सरांनी 'मुखेड' म्हटले की प्रश्न हिशेबाचा असेल तर मी उभा राहत असे आणि खोडीविषयी असेल तर तू. यात तीन वर्षे कधी घोटाळा झाला नाही. तो काल झाला.

काल शनिवारी सकाळच्या एसटीने मी नांदेडला गेलो. सरांची मुलगी लुंबिनी रेल्वेच्या कार्यालयात आहे. तिने आधीच बजावले होते की बाबांना शाल-श्रीफळ आणलेले चालत नाही, वही-पेन आणा, ते वस्तीतल्या मुलांना वाटतात. त्यानुसार वह्या घेऊन गेलो. दारात मी माझे नाव, वर्ष आणि तुकडी सांगू लागलो, तोच सर आतून म्हणाले, "मुखेड आहे ना रे तू? ये." सटवाजी, त्या क्षणी माझ्या डोळ्यांत पाणी आले, हे मी केवळ पत्र पूर्ण असावे म्हणून नोंदवतो.

लुंबिनी लॅपटॉप घेऊन बसली आणि सर सांगू लागले. आरंभ चांगला होता. मुखेडचे ताळेबंद छापल्यासारखे असत, मुखेड कधी उशिरा आला नाही. हे सर्व खरे आहे आणि माझे आहे. त्यानंतर सर म्हणाले की वसतिगृहाची मेस बंद पडली तेव्हा याच मुखेडने सगळ्या पोरांना गुरुद्वाऱ्याच्या लंगरला नेऊन पंगतीत बसवले, आणि जेवण झाल्यावर एकेकाच्या मानेला धरून भांडी घासायला लावली. मी नम्रपणे म्हणालो, सर, तो मी नव्हे, तो सटवाजी. मी त्या भांडी घासणाऱ्यांत होतो. सर लुंबिनीकडे वळून म्हणाले, "लिही. श्रेय घेत नाही."

पुढे त्यांनी हुरड्याची गोष्ट काढली. अख्खा वर्ग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून मुखेडच्या शेतात नेला, सरांना आगटीपाशी पोत्यावर बसवले, आणि गरम कणसे चोळून चोळून दिली. मी म्हणालो, सर, शेत पवळ्यांचे, ट्रॉली पवळ्यांची, कणसेही पवळ्यांची. मी फक्त येणाऱ्यांची यादी केली होती. सरांनी लिहवले, 'नियोजनात कुशल; तरीही अत्यंत विनयशील.' गॅदरिंगच्या नाटकात लुगडे नेसून तू जो धुमाकूळ घातलास, तोही माझ्या खात्यावर पडला. मी शपथेवर सांगितले की मी आयुष्यात लुगडे नेसलेलो नाही. त्यावर पत्रात 'संकोची, पण संधी मिळताच खुलणारा' अशी भर पडली. मी जितके नाकारले तितकी शिफारस वाढत गेली. शेवटी मी गप्प बसलो, तर 'उत्तम श्रोता' असेही लिहून झाले.

मग गुणांकनाचे रकाने आले. नेतृत्वाला सरांनी सर्वोच्च पाच टक्क्यांत टाकले. वर्गात ऐंशी मुले होती, त्यांचे पाच टक्के म्हणजे चार, आणि माझा क्रमांक सातवा, हे मी निदर्शनास आणले. लुंबिनी हळूच म्हणाली, "काका, इतक्या वर्षांनी बाबा इतकं हसून राहिलेत. तुमचा हिशेब थोडा बाजूला ठेवा की." ठेवला. पण निघताना तिला सांगितले की तुझी ना-हरकत येईपर्यंत पत्र पाठवू नये. दुसऱ्याच्या गुणांवर प्रवेश घेणे मला जमायचे नाही.

तेव्हा सटवाजी, विनंती ही. लंगर, हुरडा आणि लुगडे या तीन बाबी माझ्या शिफारशीत वापरण्यास तुझी हरकत नसल्याचे दोन ओळींत लिहून पाठव. मोबदल्यात सुवाच्य अक्षर आणि वेळेचे भान हे माझे गुण तू हवे तेथे वापरू शकतोस. तुला ते कुठे लागतील, हे मात्र मला सांगता येत नाही. हरकत असेल तर तीही मोकळेपणाने कळव. मी तो नाद सोडून देईन, आणि तुझ्यावर राग धरणार नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
रेवणप्पा हलकुडे
लातूर, दि. २३ नोव्हेंबर २०२५, दुपार

ता.क. पाकीट चिकटवणार तोच लुंबिनीचा फोन आला. मी काल अंगणात चपला शोधत असतानाच सरांनी स्वतः बटण दाबून शिफारस पाठवून दिलेली आहे. (तिने मला हे एक दिवस सांगितले नाही, कारण एसटीत मला त्रास झाला असता. तिचे म्हणणे बरोबर आहे.) तरी तुझी ना-हरकत आता कार्योत्तर मंजुरी म्हणून द्यावी. हरकत घेण्याची वर दिलेली सवलत मात्र रद्द समजावी.

आणखी ता.क. फोन सरांनी घेतला. मी धीर करून पुन्हा सांगितले की सर, आपल्या वर्गात मुखेड दोन होते. सर म्हणाले, "माहीत आहे मला. एक लिहायचा, एक करायचा. तुमच्या दोघांत मिळून एक बरा विद्यार्थी होता. तोच पाठवलाय." आणि लगेच पुढे म्हणाले, "त्या दुसऱ्याला विचार, ज्वारी हुरड्यावर कधी येते."

शेवटचे ता.क., आणि पत्राचे खरे कारण आता हेच. सर हुरड्याला येणार आहेत. मी शब्द देऊन बसलो आहे, पण डाळ मिलच्या हिशेबनिसाकडे कणसे नसतात. जानेवारीतला एखादा रविवार कळव. ट्रॉली नको, सरांसाठी मी लातूरहून गाडी आणतो. आगटी, पोते, कणसे तुझी. यादी मी करतो. आणि सरांनी 'मुखेड' म्हणून हाक मारली की कोणी उठायचे याचा विचार करू नकोस. तूही उठ, मीही उठतो.

(नंतर भर घातलेल्या मजकुराखाली पुन्हा सही लागते, म्हणून)

रेवणप्पा गुरलिंगप्पा हलकुडे
लातूर, दि. २३ नोव्हेंबर २०२५, संध्याकाळ