मांडवात पुकारलेला आहेर

आबा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर रागवायचं म्हटलं तरी संकोच वाटतो. तुम्ही गेलात तेव्हा जेवढ्या वयाचे होता त्याच्यापेक्षा मी आज कितीतरी म्हातारी आहे, म्हणजे तशी मीच आता वडीलधारी. तुमच्या पणतवाला सरकारी नोकरी लागली, त्याचे पेढे परवा घरात वाटले. चार पाव्हणे जमले होते आणि माझ्या लेकानं नेहमीचं सुरू केलं. आमचे आजोबा करोडगिरीत अमीन होते, त्यांच्यावर चौकशी आली तर अख्खी पेठ साक्षीला उभी राहिली, एक माणूस विरोधात बोलला न्हाई, असे सचोटीचे. सगळ्यांनी माना डोलावल्या. मंग पाव्हणे मला म्हणाले, आजी, तुम्ही तर डोळ्यांनी बघितलंय, सांगा की. मी तोंडाला पदर लावला आणि पेढा घशात अडकल्याचं निमित्त केलं. त्यांना वाटलं म्हातारीला भरून आलं. कशाचं भरून येतंय, शरमेनं माझे कान तापले होते.

ह्या पोरांना करोडगिरी म्हणजे काय हेही धड ठाऊक न्हाई. त्यांना सांगावं लागतं की हैदराबादच्या राज्यात बाहेरून माल आला की त्यावर जकात भरावी लागायची, आणि जालन्यात रेल्वेनं आलेला माल आधी स्टेशनाशेजारच्या गोदामात उतरायचा. तुम्ही तिथले अमीन, म्हणजे तपासणीचे अंमलदार; तुम्ही पेटी उघडून बघितल्याशिवाय त्यातलं काही पेठेत जायचं न्हाई. कापड, काच, सूत, लोखंड, सगळं तुमच्या डोळ्यांखालून. पेठेत तुम्ही चालत निघालात की दुकानदार गादीवरून उठून उभे राहायचे, आणि तुम्ही मान खाली घालून भराभर चालायचे, जसं काही तुम्हीच त्यांचं देणं लागता. चहा घ्या म्हटलं तर तुम्ही पाणी मागायचे. आई म्हणायची, ह्या माणसाला लोकांच्या घरचं पाणी गोड लागतं आणि माझ्या घरचा चहा कडू.

जालन्यातल्याच मस्तगडच्या कासारानं माझ्या हातात फुकट बांगड्या भरल्या होत्या तो दिवस आठवतो का? मी असेन आठ-नऊ वर्षांची. हिरव्या, वर सोनेरी ठिपके. कासार म्हणाला, अमीनसाहेबांच्या पोरीकडून पैसे घ्यायचे का, आणि मी नाचत घरी आले. तुम्ही माझं मनगट धरलं आणि उन्हातान्हात तसंच परत नेलं. दुकानात बायका बसल्या होत्या, त्यांच्यासमोर पैसे ठेवलेत. कासार हात जोडायला लागला, लेकरू आहे साहेब, हौसेनं भरल्या. तुम्ही आवाज न्हाई चढवला. तुम्ही एवढंच म्हणालात, "उद्या तुझी बांगड्यांची पेटी येईल. मंग ती मी उघडायची का न्हाई उघडायची, तूच सांग." येताना मी वाटभर रडत होते. घरी आल्यावर आईनं विचारलं तेव्हा म्हणालात, बांगड्या छान आहेत, राहू दे हातात.

असा माणूस, आबा. असाच माणूस हे करतो तेव्हा कुणाला सांगायचं?

माझं लग्न टेंभुर्णीला ठरलं. घर मोठं, जमीनजुमल्याचं, आणि माणसं हिशेबी. जर्मनीच्या लढाईचे दिवस, सगळंच महाग, तुमचा पगार सगळ्या जालन्याला ठाऊक. तुमचा विचार होता की घरच्या घरी उरकून टाकावं. आईनं ऐकलं न्हाई. पेठेला आमंत्रण न्हाई दिलं तर लोक म्हणतील अमीन माजला, आणि टेंभुर्णीकर म्हणतील सोयरा भिकारी. ती स्वयंपाकघरात चुलीपुढं बसून बोलत होती, तुम्ही उंबऱ्यात उभे होता, मी गव्हाची परात घेऊन निवडायचं सोंग करत होते. मंग म्हणालात, बोलवू सगळ्यांना. कुणी काही आणलंच तर ते मांडवात पुकारून घ्यायचं, सगळ्यांदेखत. लपून घेतलं तर ती लाच. पुकारून घेतलं तर तो आहेर.

हे बोलताना तुमच्या तोंडावर केवढं समाधान होतं! जसा काही मोठा पेच सोडवला. आपल्याकडं आहेर पुकारायचीच रीत आहे, अमक्याकडून नवरीला लुगडं, तमक्याकडून नवऱ्याला टोपी. पण तुम्ही त्या रीतीच्या आड जाऊन उभे राहिलात. वर गावातला सगळ्यांत खड्या आवाजाचा पुकाऱ्या शोधून आणलात आणि त्याला बजावलंत की एकही नाव गाळायचं न्हाई. आणि तुमचे वरिष्ठ, मोहतमीम साहेब, त्यांना स्वतः जाऊन आमंत्रण दिलंत. त्यांनी बघावं हीच तुमची इच्छा होती. हे मला कितीतरी उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा तुमची कीव आली. तुम्ही सगळं उघड्यावर मांडलंत आणि समजलात की उघड्यावर मांडलं म्हणजे ते स्वच्छ झालं.

मामाचा आहेर झाला, आत्यांचा झाला, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे नारळ-खण झाले. मंग पेठेची पाळी आली. पहिल्या आडत्यानं माझ्यासाठी साधं लुगडं आणलं होतं, पुकाऱ्यानं ते पुकारलं. दुसऱ्याचं जरीचं निघालं, तेही पुकारलं. ते ऐकून पहिला उठून बाहेर गेला आणि माणूस पाठवून दुकानातून शालू आणवला. तुम्हाला हे सुचलंच न्हाई का हो, की चार व्यापाऱ्यांसमोर पुकारलं की तिथं लिलावच सुरू होणार? चांदीचं ताट आलं, समई आली. टेंभुर्णीकडची मंडळी पुढं सरकून बसली. मोहतमीम साहेब समोरच खुर्चीत होते. पांढरी शेरवानी, हातात अत्तराचा फाया, तोंडावर काही न्हाई. प्रत्येक पुकारणीला ते जरा मान हलवत होते, आणि तुम्हाला वाटत होतं ते कौतुक करून राह्यलेत.

आणि मंग मांडवात सायकल आली. कोरी करकरीत, चाकांना अजून कागद गुंडाळलेला. कापडाच्या मोठ्या दुकानदाराकडून नवरदेवाला. लढाईच्या दिवसांत नवी सायकल! पोरं धावली, बाया उठून बघायला लागल्या. पुकाऱ्याचा आवाज चिरकला. मोहतमीम साहेब खुर्चीतून उठले, सायकलीपाशी गेले, सीटवर हात ठेवला, आणि तुमच्याकडं बघून अगदी हळू विचारलं, "अमीनसाहब, इसकी करोडगिरी भरी गई है?"

मी दोन हातांवर होते. तुमचा चेहरा मला दिसत होता. गोदामातून काय गेलं आणि काय न्हाई ते तुम्हाला झोपेतही ठाऊक असायचं. ती सायकल तुमच्या डोळ्यांखालून गेलेली न्हाई, हे तुम्हाला त्या क्षणी कळलं. न्हाई म्हणावं तर जावयाची सायकल भर मांडवात जप्त, सोयरे उठून जाणार. हो म्हणावं तर.

"जी. भरी है," तुम्ही म्हणालात.

"अच्छा," ते म्हणाले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, दुवा दिली, आणि त्यांच्यासाठी वेगळी पंगत मांडली होती तिच्याकडं न बघता निघाले. तुम्ही मागं मागं गेलात, खाना खाऊन जा म्हणून विनवत. मांडवाच्या तोंडाशी ते थांबले. "पुकारनेवाले को मत रोकिए. मैं सुन चुका." पुढचं सगळं लग्न तुम्ही हसत पार पाडलंत, आणि ते हसू बघवत नव्हतं.

पुढं चौकशी लागली. मी पहिल्या नागपंचमीला माहेरी आल्ते, तेव्हाच औरंगाबादहून दुसरे एक अंमलदार आले. गोदामाच्या ओसरीवर खुर्ची टाकून ते येईल त्याला उघड्यावर विचारत होते. आपल्या घरात चूल पेटली न्हाई. नोकरी गेली तर खायचं काय, आणि बडतर्फ अमिनाच्या पोरीला टेंभुर्णीकर नांदवतील का, आई हेच दोन प्रश्न जपासारखे म्हणत होती. मामा ओसरीपाशी बसून होता. दुपारी धापा टाकत आला आणि सांगितलं, सुटलो. एकानंही वाकडा शब्द काढला न्हाई. कापडवाल्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं, जकात भरली होती. बाकीचे म्हणाले, हुजूर, अमीनसाहेबांनी आमचा कधी चहा बी घेतला न्हाई. आणि ते खरंच होतं, आबा, त्याचंच मला जास्त वाईट वाटतं. तुमच्या इतक्या वर्षांच्या खऱ्या वागण्यानं त्यांनी तुमचा एक खोटा शब्द झाकून टाकला. संध्याकाळी तुम्हाला हार घालून वाजतगाजत घरी आणलं. तुम्ही दारातच हार काढून माझ्या हातात दिलात आणि पाय धुवायला पाणी मागितलंत.

आमच्या घरातली गोष्ट इथं संपते. माझा लेक इथपर्यंतच सांगतो.

त्याच्यानंतर तुम्हाला कुणाची पेटी उघडता आली का? प्रत्येकजण तुमच्यासाठी साक्षीला उभा राहिलेला. कुणी काही मागत नव्हतं, नुसतं हसून रामराम करत होतं. गाठोड्यावर हात ठेवायचा आणि जाऊ द्या म्हणायचं, एवढंच तुमचं काम उरलं. पण वर दाखवायला कुणाची तरी गाठोडी सोडून तपासायला हवीच होती. मंग पेठेबाहेरच्या त्या विणकराचं सूत अडलं. माझ्या लग्नाला तो बिचारा आला नव्हता, साक्षीला त्याला कुणी बोलावलं नव्हतं. त्याचं सूत आज सोडतो, उद्या सोडतो करत पडून राहिलं, त्याचे माग बंद झाले. तो एका सकाळी आपल्या दारात आला. मी तेव्हा माहेरी आल्ते, मीच समोर होते. टोपी हातात धरून त्यानं विचारलं, "बेटी, मैं शादी में कुछ लाया नहीं था. इसलिए मेरा सूत पड़ा है क्या?"

टोमणा नव्हता त्यात. तो खरंच विचारत होता, म्हणजे चूक कळली तर सुधारावी. आईनं आतून सांगितलं, ते घरी न्हाईत. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसला होता, समोर भाकरी, हातात घास. तो घास तुम्ही ताटात परत ठेवलात. विणकर गेल्याचं चपलांच्या आवाजावरून कळलं तरी तुम्ही मान वर केली न्हाई. त्याचं सूत दुसऱ्या दिवशी सुटलं, पण तुम्ही त्याच्या घरी गेला न्हाईत. जायला हवं होतं. कासाराकडं मला भर उन्हात नेणारे पाय होते ना तुमचे?

नंतर निजामाचं राज्य गेलं, करोडगिरी गेली, गोदामात दुसरं काहीतरी आलं. तुम्ही ओट्यावर बसून राहायचे. कुणी चहा दिला की मुकाट्यानं घ्यायचे, मंग तो कुणाच्याही घरचा असो. मी माहेरी यायची तेव्हा वाटायचं, एकदा विचारावं. तुमच्या तोंडाकडं बघून धीर व्हायचा न्हाई. आणि आता हे लिहून राह्यले तर कुठं टाकणार, सकाळी बंब पेटवायला कागद लागतोच.

त्याआधी एक सांगते, हे मी कुणालाच सांगितलेलं न्हाई. मांडवात पुकाऱ्या एकेक नाव घेत होता तेव्हा माझी मान खाली होती, सगळ्यांना वाटलं नवरी लाजली. मी लाजले नव्हते, आबा. मी मनात म्हणत होते, अजून येऊ दे. सायकल आली तेव्हा मुंडावळ्या बाजूला सारून मी टेंभुर्णीच्या बायकांची तोंडं बघून घेतली, आणि माझ्या बापाचा केवढा वट आहे म्हणून मला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला की तेवढा पुढं सगळ्या संसारात कधी झाला न्हाई.