निळा अंगठा

तळोजा,
४ ऑक्टोबर १९९४

ती. आईस,
शहाजीचा पाया पडून नमस्कार.

गणपतीत माझे स्वच्छ हात बघून तू म्हणालीस, "साहेब झालास की." तेव्हा बोललो नाही, पण आमचा निळ्या रंगाचा प्लांट चार महिने बंद होता. रंग घेणारा फिनलंड केवढासा, अख्ख्या देशात मुंबईच्या निम्मी माणसं. मंदी तिकडं आली आणि बसून राहिलो आम्ही.

आता तिकडचे कारखाने पुन्हा सुरू झालेत. मोठी ऑर्डर आली, दुसरी पाळीही लागली. वर्षभर तरी काम पुरेल म्हणतात, पुढचं पुढं बघू.

तुझा गुडघा कसा आहे? गोळ्या चुकवू नकोस.

कागदाच्या कोपऱ्यात निळा अंगठा उमटलाय. साबणानं घासूनही जात नाही. तुझा साहेब परत कामाला लागला.

तुझा,
शहाजी