राखीनंतरची बडीशेप

गुरुवार, संध्याकाळ

हे आजही बडीशेप चावत घरी आले, पिऊन आल्यावर चावतात तशी. काहून? श्रावणात तर हे दारूला हात लावत नाहीत.

वर्षभर बिछान्यात काही जमत नव्हतं, म्हणून चेरीताल मोहल्ल्यातल्या डॉक्टरांकडे गेलो होतो. ते म्हणाले, "भैया, पहले पीना छोड़िए, फिर दवा की बात करेंगे." बाहेर आल्यावर हे म्हणाले, डॉक्टरला काय समजते, वय झालं आता. पण श्रावणासाठी दारू सुटली आणि भिंतीकडे तोंड करून झोपणारा माणूस स्वतःहून जवळ येऊन राहिला होता.

राखी झाली आणि पुन्हा भिंत. कोणी बाई असेल का? की मीच जाड झाले?

आणि रोज ही बडीशेप. यांचे सगळे दोस्त हिंदीवाले. त्यांचा सावन राखीलाच संपतो. आपला मराठी श्रावण त्यानंतर पंधरा दिवस चालतो.

जेवताना सहज विचारलं, "उद्या भाजीत कांदा टाकू?"

यांनी ताटातून मान वर केली. बडीशेपेचा वास माझ्यापर्यंत आला.

"पागल आहे का तू? आपला श्रावण सुरू आहे ना अजून."