नवव्या पानावर माझे भाषण

६ नोव्हेंबर २००३
डॉक्टरांनी आज पुन्हा घशात आरसा घातला. स्वरतंतूवरची गाठ काढली तिथली जखम भरते आहे म्हणाले. पण तीन महिने एक शब्दही नाही. कुजबुजसुद्धा नाही, ती बोलण्याहून वाईट. मी पाटीवर लिहिले, "आणि त्यानंतर?"
"त्यानंतर बघू. घरात बोलाल हळूहळू. सभा मात्र विसरा, बाई."
विसरा! जणू बसमध्ये छत्री विसरायची आहे. पेठपासून मनमाडपर्यंत एक गाव नाही जिथे मी उभी राहून बोलले नाही.
रिक्षात ह्यांनी हात धरला. काढून घेतला. कीव नको.

९ नोव्हें.
कॉलनीच्या वाचनालयाचे अध्यक्ष भाऊसाहेब आले, सोबत कार्यकारिणीचे तिघे. सगळे माझ्याशी मोठ्याने बोलत होते. घसा बिघडला आहे, कान नाही.
भाऊसाहेब म्हणाले, "ताई, आवाज गेला म्हणून विचार थोडेच गेले? वाचनालयातर्फे तुमची वेबसाइट काढू. अमेरिकेत वाचतील लोक!"
मला अमेरिका नको, दिंडोरी पुरे. पण कल्पना आवडली. कॉम्प्युटर क्लास चालवणारी संगीता करून देणार आहे. द्राक्षमळ्यातल्या बायांवरचे माझे भाषण दिले. बाया दिवसभर घड औषधात बुडवतात, उघड्या हातांनी. हाताची सालटी निघतात, त्याच हातांनी भाकरी खातात. मालक ऐपतदार असतो, पण हातमोजा देत नाही.
पाटीवर एकच अट घातली : भाषण वाचता आले पाहिजे.
"म्हणजे काय!" भाऊसाहेब म्हणाले. मी ते होकार समजले.

११ नोव्हें.
कुंदाला पत्र टाकले. माझी जुनी विद्यार्थिनी, आता दिंडोरीकडच्या एका शाळेत शिक्षिका. १४ डिसेंबरला तिच्या शाळेत मजूर बायांची बैठक आहे, तिथे मी बोलणार होते. लिहिले, मी येऊ शकत नाही, पण शब्द येतील. वेबसाइटवरून उतरवून घे आणि वाचून दाखव. माझ्याशिवाय माझे शब्द गावात पोचतात का, ते एकदा पाहायचे आहे. पोचत नसतील तर मी संपलेच.

२८ नोव्हें.
आज संगीताच्या क्लासमध्ये वेबसाइट पाहिली.
पहिले पान : "हार्दिक स्वागत", लुकलुकणाऱ्या अक्षरांत. सनई वाजते. बंद करायची सोय नाही.
दुसरे : समई. ज्योत हलते. बाकी काही नाही.
तिसऱ्यावर अध्यक्षांचा फोटो, भाऊसाहेब, जॅकेटात. चौथ्यावर कार्यकारिणी, अकरा फोटो. पाचव्यावर पाहुण्यांचा परिचय. पाहुणी म्हणजे मी! माझ्याच वेबसाइटवर मी पाहुणी! सहावे पुष्पगुच्छ. सातवे प्रास्ताविक. आठवे "दोन शब्द", खजिनदारांचे, चांगले दोनशे असतील. नवव्या पानावर माझे भाषण, जांभळ्यावर पिवळी अक्षरे. दहावे अध्यक्षीय समारोप, अकरावे आभार.
आणि मधले पान गाळता येत नाही. एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. ही वेबसाइट नाही, सभा आहे! सभेत निदान उशिरा येता तरी येते.
पाटीवर लिहिले : हा क्रम कोणी ठरवला?
संगीता खाली बघत म्हणाली, "मॅडम, भाऊसाहेबांनी कार्यक्रमपत्रिका दिली. म्हणाले, अशीच करायची."
तिच्यावर राग नाही. तीस वर्षांची हुशार मुलगी. सांगितले ते केले. आपल्याकडे सांगितले ते करणाऱ्यांनीच सगळा घोळ… राहू दे.

१ डिसेंबर
कार्यकारिणीपुढे पाटी घेऊन बसले, शेजारी हे. खडू दोनदा मोडला.
लिहिले : वाचायला आलेल्या माणसाला दारात उभे करून आपले हार दाखवायचे नसतात.
खजिनदार : "ताई, रीत आहे. दीपप्रज्वलनाआधी वक्त्याला कधी बोलू दिलंय का?"
लिहिले : त्रिरश्मी लेण्यांत, आपल्या पांडवलेण्यांत, जाऊन या. भिंतीवर दानाचे लेख आहेत. चार ओळी. दोन हजार वर्षे लोक वाचताहेत. ना सनई, ना समई.
भाऊसाहेब शांतपणे म्हणाले, "हो, पण त्यातही देणाऱ्याचं नाव असतंच की, ताई."
सगळे हसले. हेही हसले! आवाज असता तर उत्तर दिले असते. लिहीपर्यंत चहा आला आणि विषय संपला. पाटीचा हा दोष. टोमण्याला वेग लागतो.
ठराव : वेबसाइट आहे तशीच राहील. पासवर्ड अध्यक्षांकडे.

४ डिसें.
कुंदाचा फोन. ह्यांनी रिसीव्हर माझ्या कानाला लावला, स्वतःचा कानही चिकटवला. मी एकदा टिचकी मारली की हो, दोनदा मारली की नाही.
"बाई, मी दिंडोरीच्या सायबर कॅफेत गेले होते. तासभर बसले. आधी सनई लागली, सगळी पोरं माझ्याकडे बघायला लागली. मग समई. मग अध्यक्ष वरून खाली यायला लागले. आधी केस, मग कपाळ. भुवया येईपर्यंत माझा चहा संपला."
इकडे ह्यांना हसू आवरेना.
"कार्यकारिणीत सात जण आले आणि लाइन तुटली. परत पहिल्यापासून सनई. बाई, तुमचं भाषण मी पाहिलंच नाही."
संगीताला विचारले, असे का? तिकडच्या कॉम्प्युटरात आपली मराठी अक्षरे नसली तर नुसते चौकोन दिसतात, म्हणून तिने प्रत्येक पानाचे चित्रच केले. चित्र जड. फोनच्या तारेतून पट्टी पट्टी उतरते. म्हणजे माझा शब्द गावात पोचायच्या आधी अकरा पुढाऱ्यांची मुंडकी पोचणार. स्वातंत्र्यानंतरचे आपले सगळे सार्वजनिक जीवन एका तारेत दिसले!
कुंदा शेवटी म्हणाली, "बाई, रागवू नका. पोस्टकार्डावर मावेल एवढंच लिहून पाठवा. मी तेच वाचते."
दीड तासाचे भाषण. पोस्टकार्डावर. दोनदा टिचकी मारली. मग तिसरीही मारली. ती गोंधळली असणार.

६ डिसें.
सकाळपासून बसले आहे. तीन पोस्टकार्डे वाया.
भाषणाची सुरुवात : "सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर आणि माझ्या कष्टकरी बंधुभगिनींनो." मग मला बोलावल्याबद्दल आभार. मग गावाचा इतिहास. मग युरोपातल्या कामगार स्त्रिया, मागच्या शतकातल्या. मग एक सुभाषित. पहिली मजूर बाई कुठे येते ते बोट फिरवत शोधले. चौथ्या पानाच्या तळाशी.
ह्यांच्या पुढ्यात कागद टाकला. त्यांनी चष्मा लावून वाचले. म्हणाले, "समई तुझ्याकडेही आहे."
दिवसभर पाटीवर त्यांच्यासाठी एक शब्द लिहिला नाही. खरे बोलणाऱ्या माणसाबरोबर संसार करणे सोपे नाही.

७ डिसें.
जमले. आठ ओळी.
"घड बुडवायचे ते औषध आहे, पाणी नाही. डब्यावर लिहिले आहे, हातमोजे घाला. डबा वाचायला मागा. हातमोजे मागा. एकटीने नाही, सगळ्यांनी मिळून. जेवणाआधी हात धुवायला साबण मागा. पोर घेऊन बांधावर बसू नका, मळ्याबाहेर सावली मागा. हे उपकार नाहीत, कामाचा भाग आहे."
खाली नाव आणि पत्ता.
पेटीत टाकण्याआधी संगीताला दाखवले. तिने दोनदा वाचले. म्हणाली, "मॅडम, हेच पान करू या का? तुमच्याच अक्षरात. इंटरनेटवर माझी फुकटातली थोडी जागा आहे." पोस्टकार्ड स्कॅन केले. पांढरे पान, काळी अक्षरे, पहिल्या पानावर तेच, दुसरे पानच नाही. तिने घड्याळ लावले. मिनिटाच्या आत सगळे दिसले. पोस्टकार्ड माझ्याकडेच ठेवले, कुंदाला या पानाचा पत्ता कळवला.
मी पाटीवर लिहिले : याला डिझाइन म्हणतात?
"मला माहीत नाही, मॅडम. क्लासमध्ये लुकलुकणारंच शिकवतो आम्ही."

१२ डिसें.
भाऊसाहेब चिडून आले. "ताई, समांतर वेबसाइट? वाचनालयाचा अपमान आहे हा! आणि तीही अशी, उघडीबोडकी? लोक म्हणतील, ताईंचं कोणी नाही मागे."
लिहिले : वाचणाऱ्याला मागचे कोण कशाला हवे? त्याला पुढचे हवे.
"वाचनालयाच्या पत्रिकेवर आमच्या वेबसाइटचा पत्ता छापलाय. लोक तिकडेच येणार." पायरी उतरता उतरता वळून : "आणि तो फोटो चांगला आहे, ताई. मुलीने पुण्याहून फोन केला होता, पप्पा दिसले म्हणून."
पाटी पुसली. पण पान काढणार नाही. माणूस वाईट नाही म्हणून त्याच्यामागे रांगेत उभे राहायचे, हे मी कोणत्याही सभेत मान्य केलेले नाही.

१७ डिसें.
कुंदाचे पत्र. तिने कॅफेतून पान छापून आणले, बैठकीत वाचले. मग भिंतीला लावले. वाचायला अर्धे मिनिट लागले. नंतर बाया दीड तास बोलल्या.
माझ्या सभांत दीड तास मी बोलत असे.
आनंद झाला. जरा झोंबलेही. दोन्ही लिहून ठेवते.
पत्राच्या शेवटी कुंदाने यमुनाबाई नावाच्या मजूर बाईचे बोलणे जसेच्या तसे उतरवले आहे : "बाई लय ब्येस लिवतात. पन सगळ्याजणींनी मिळून हातमोजे मागितले आन मालकानं सगळ्याजणींनाच सांगितलं, उद्यापासून येऊ नका, तर? दुसरी टोळी वाटंवर उभी हाय. ते नाय लिवलं बाईंनी."

१८ डिसें.
नाही लिहिले. आठ ओळींत जागा नव्हती, असे म्हणता आले असते. पण मूळ कागद काढून पाहिले, भाषणातही नाही. तिथे "ज्या दिवशी तुम्ही एक व्हाल" असे वाक्य आहे. तिथे मी आवाज चढवायचे. टाळ्या पडायच्या, आणि त्या थांबेपर्यंत मी पुढच्या मुद्द्यावर गेलेली असायचे. इतक्या गावांत इतक्या वेळा. कोणी विचारले नाही. विचारायला मी फट ठेवली नसेल.
चीड आली. आज भाऊसाहेबांवर नाही.

२० डिसें.
डॉक्टर : जखम ठीक, आवाजाचे अजून सांगता येत नाही.
संगीताकडे गेले. यमुनाबाईंचा प्रश्न माझ्या अक्षरात नव्या पोस्टकार्डावर उतरवला, त्यांच्याच शब्दांत. पाटीवर लिहिले : हा वर ठेव. माझ्या आठ ओळी खाली.
"आणि उत्तर, मॅडम?"
दोन कामगार वकिलांना पत्रे टाकली आहेत. कुंदालाही विचारले आहे, दुसऱ्या टोळीतल्या बाया कोण, त्यांना बैठकीला बोलावता येईल का. कोणाचेच काही आलेले नाही.
संगीताने प्रश्नाखाली चार बोटे पांढरी जागा सोडली. तिथे फूल टाकू का, म्हणाली, मोकळे वाईट दिसते.
लिहिले : दिसू दे.